एक माग चालू ठेवा

आमच्या गल्लीत सव्वीस माग.
पोटातलं लेकरूसुद्धा त्यांच्या ठेक्यावर लाथा मारतं,
असं माझी सासू तेलुगूत म्हणायची
आणि मराठीत सांगताना लाजायची.

निरंजन म्याकलचा बाप गेला त्या दुपारी
मी दारात सूप घेऊन बसले होते.
सातशे विड्या झालेल्या, तीनशे बाकी.
आधी त्याचा माग थांबला.
मग शेजारचा.
मग सगळे.
साखर पेठेत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.
पोरगं शाळेतून येत होतं, ते कोपऱ्यावरच थबकलं.
कुणी काही सांगायच्या आधी
त्याला कळलं होतं.

तेव्हा आठवीत होतं.
दहावीत गेलं, तशी गल्ली जरा सावध झाली.
ठरवून नाही.
रमजानबीची एक भाकरी रोज जास्त व्हायची.
"पीठ उरलं होतं रे, वाया जाईल, खा."
दोन वर्षं तिला पिठाचा अंदाज आला नाही.
त्याची आई सिव्हिलला आया, रात्रपाळीला;
चौथ्या दिवशी मध्यरात्री नळ आला तरी
सकाळी तिच्या घागरी भरलेल्या.
कुणी भरल्या, हे आमच्यात विचारत नाहीत.

फेब्रुवारीत कुडल मास्तरांनी विषय काढला,
पोराला अभ्यासाला शांतता नको का?
यादगिरी शेठ म्हणाले, मीटरवर धंदा आहे, मास्तर.
कामगार म्हणाले, मीटरवर पोट आहे.
दोघांचंही खरं होतं.
मग अंबादास उठला, कानातला कापसाचा बोळा काढून म्हणाला,
"सात ते नऊ. माझा बंद."
आणि खटका ओढला.
एकेकाने ओढला, कुणी कुरकुरत, कुणी शेठकडे न बघता.

पहिल्या संध्याकाळी आम्ही कुजबुजत जेवलो.
शिंकलं म्हणून एका आईनं पोराला चापट मारली.
खिडकीत त्याचा दिवा दिसत होता,
त्याखाली वही,
आणि वहीचं पान
काही उलटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला.
सुपातली तंबाखू बोटानं इकडची तिकडे करत राहिला.
"मावशी, माग चालू करायला सांगा की ओ."
का रे?
"बंद झाले की वाटतं,
कुणीतरी गेलं."

माझ्या हातातल्या विडीचा दोरा सुटला.
अख्ख्या गल्लीनं दोन तासांची मजुरी सोडली होती,
आणि एकालाही सुचलं नव्हतं
त्याला विचारायचं.

दुसऱ्या दिवशी सातला पंचवीस माग थांबले.
टोकाचा, अंबादासचा, चालू राहिला.
बीम संपलेलं, ताणा नाही, कांडीला सूत नाही,
धोटा नुसता जायचा आणि यायचा.
शेठनं विजेच्या बिलाचं तोंडदेखलं विचारलं,
आणि उत्तर ऐकायला थांबले नाहीत.
साडेसातच्या सुमाराला
मी भांडी घासता घासता पाहिलं,
पान उलटलं.

किती टक्के पडले ते मला आता आठवत नाही.
पेढा रमजानबीनं अर्धा करून दिला होता, ते आठवतं.

यंदा चिलवेरींची श्रावंती बारावीला.
ती म्हणते, मला एकही माग नको, डोकं उठतं.
मैनुद्दीनचा धाकटा म्हणतो, मला माणसं लागतात आजूबाजूला,
एकट्यात गणित सुटत नाही.
आणि बोल्लींची पोरगी काहीच म्हणत नाही,
तिचीच मला जास्त काळजी.

मास्तर वही घेऊन वेळापत्रक आखायला बसले,
माझ्याच दारात, तावातावानं, तीन भाषांत.
कुणी म्हणे सहा ते आठ, कुणी म्हणे पहाटे.
मी म्हटलं, ओ मास्तर, पेन ठेवा खाली.
आधी पोरांना बोलवा.

सूप जरा मागे सरकवलं, उंबऱ्यावर जागा केली.
बोल्लींच्या पोरीला माझ्या शेजारी बसवलं,
हातात पानं दिली कातरायला,
हात गुंतला की तोंड मोकळं होतं, म्हणून.
हजाराला अजून दोनशे कमी होत्या.
बघू.