उगमाचा दाखला

द्रोणागिरीतल्या ऑफिसात सकाळी माझं पहिलं काम
दाखला उजेडाकडे धरून बघणे.
शिक्का खरा का, सही मागच्या महिन्यातल्या सहीची सख्खी की चुलत,
आणि रकाना आठ : माल मूळचा कुठला.

नियम सोपा आहे.
पस्तीस टक्के किंमत तिथं घडली
की वस्तू तिथली.
लोखंड कुठलंही असो, भट्टी कुणाचीही,
पस्तीस.
दहावीला मला गणितात पडले होते तेवढेच,
मास्तर म्हणाले होते, सुटलीस.

माल सुटतो.
जकातीपुढे शून्य काढताना पेन अडखळत नाही.

आज बिजागऱ्या आहेत. चार इंची, स्टेनलेस,
बावीस टन, हायफाँगहून.
एक हातात घेतली. उघडली, मिटली.
कुरकुर नाही.
रबाळ्याला माझा भाऊ अशाच करायचा,
म्हणजे अशा नाही,
त्याच्या दोन वर्षांत तांबूस पडायच्या, हे मान्य करायला हवं.
पण अकरा माणसं जेवायला बसायची
प्रेस बंद करून, पत्र्याच्या सावलीला,
एकमेकांच्या डब्यात हात घालून.

करार झाला तेव्हा आम्हाला पत्ताच नव्हता.
आतल्या पानावर फोटो होता म्हणे, कुणी कुणाचा हात हातात घेतलेला.
यशोधनने त्या पानाला ग्रीस पुसलं असणार.

आता तो करत नाही, आणतो.
गाळ्यात खोकी, खोक्यांवर बाबांचं नाव, पूर्वीच्याच अक्षरात.
आधीपेक्षा बरं सुटतं, सांगतो,
आणि बोलता बोलता अंगठा चोळत राहतो
घट्टा होता तिथं.

अकरांतला एकनाथ सपकाळ मला इथंच भेटतो,
आमच्या गोदामात, फोर्कलिफ्टवर.
"ताई, दादाचा माल आलाय!" लांबूनच ओरडतो.
ठेकेदाराकडून चौदा हजार.
हसतो. मीही हसते.
माझ्या उलव्याच्या फ्लॅटची सगळी दारं
याच बिजागऱ्यांवर फिरतात. स्वस्त पडल्या.
याला रकाना नाही.

जेवताना खिडकीतून क्रेन दिसतात.
त्यांच्या पायाखाली आमचं मिठागर.
उघाडी किती वर घ्यायची, कधी पाडायची,
बाबा ठरवायचे.
खाडीला तेवढीच मुभा.
मग जमीन गेली, मोर्चे झाले,
आणि कितीतरी वर्षांनी साडेबारा टक्के परत आली,
तीही भलत्याच सेक्टरात,
सोबत एक कागद : प्रकल्पग्रस्त.
त्या कागदावर मी या खुर्चीत.

एकदा बाबांना पस्तीसचा नियम समजावून सांगितला.
मासळीचा काटा दातातून काढत
ते बराच वेळ हिशेब करत राहिले.
"मंग आपन कनचं गो पोरी?
साडेबारान तं नापासच."

आई म्हणाली, भात घ्या अजून.

चारचा कंटेनर लागलाय. काळी मिरी.
दोन दाणे चावून बघितले, तिखट आहे,
कुठलंही असावं तसं तिखट.
कागद उजेडाकडे धरते.