डिशवाल्याची वही

माझ्या वहीत गावातली एकशे बारा घरं होती.
लढाई सुरू झाली त्या आठवड्यात
एकशे एकतीस झाली.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
आर्वीहून उधारीवर तार आणली,
आणि मारोतीच्या पारापासून खालच्या टोलीपर्यंत
एका वेळी एकच आवाज फिरू लागला.

पडद्यावर आठ चौकोन, आठ तोंडं,
वर पेटता नकाशा.
यादव वाटाणेच्या कटिंगच्या दुकानात
गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा थांबायचा
आणि यादव विचारायचा,
"बोला, लढाई थांबवावं का नाई?"
गिऱ्हाईक काय बोलणार.

हवालदार ढोके, पेन्शनर, डाव्या कानानं बहिरे,
एकदाच बोलले:
"लढाईत बाजा नसते रे.
हे मांगून कोन वाजवून रायलं?"
पोरं म्हणाली, बुढा भेला.
झाडे मास्तर दोन पेपर घेऊन आले,
एकात मेलेले चाळीस, एकात चारशे,
तारीख तीच, डोंगर तोच.
"मोजले कोणी?" मास्तर म्हणाले.
"तुमी कोनाकून?" आरशातून कोणीतरी म्हणालं.
तेव्हापासून मास्तर दाढी घरीच करतात.

शेवंताबाई भोयर भर दुपारी आली,
पदराच्या गाठीत चाळीस रुपये.
"बातम्या तेवढ्या कापून दे, भाऊ."
म्हटलं, तेवढ्या कापता येत नाहीत,
तुटली तर पुरी तार तुटते.
"मंग पुरी काप."
लोक पैसे देतात जोडायला.
तोडायला देणारी ही पहिली.
वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

तिचा प्रफुल तिकडेच आहे. कुठे, ते घरात माहीत नाही.
टीव्हीला माहीत असेल असं गुणवंताला वाटतं,
म्हणून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत
धुरातून पळणारी माणसं तो बघत बसतो,
चालीवरून एखादा ओळखू येतो का.
आणि तरी पारावर तोच सगळ्यात मोठ्यानं म्हणतो,
थांबायचं नाही.

संध्याकाळी मी खांबावर, खाली ती दोघं.
"बी सडलं म्हनून कोनी वावर सोडते काय?
दुबार पेराच लागते.
नाईतर पयलं गेलं ते फुकटच गेलं."
"गेलं ते गेलं. त्याच्या मांगं रायलेलं कायले धाडता?
अन् हे बी कोन्या कृषी केंद्रात भेटते, सांगा ना.
थैलीवर काय भाव लिवला हाय?"
बराच वेळ काही नाही.
मग, "तुले समजत नाई."
मग, खालच्या आवाजात, "आला का त्यालेच विचार."

पक्कड दातात धरून मी बसलो होतो.
वरून खिडक्या दिसत होत्या,
साऱ्या गावात एकाच क्षणी लाल,
एकाच क्षणी पांढऱ्या.
मग तार कापली.
एक खिडकी नुसती पिवळी राहिली, बल्बची.

गुणवंत आता यादवकडे जाऊन बघतो,
उभ्यानं, दारातून, चप्पल न काढता.

रविवारी उरलेली तार गुंडाळायला गेलो
तेव्हाच फोन आला. आवाज बाहेर ऐकू येत होता.
"बाबा, टीव्हीत काय सांगतात?
बंद होऊन रायली का चालूच?
आमाले इथं कोनी काई सांगत नाई."
गुणवंतानं माझ्याकडं पाहिलं.
माझ्या हातात त्यांचीच तार.
शेवंताबाईनं फोन ओढून घेतला,
"डिश बंद हाय रे. तूर फुलावर आली.
कपिलेचं वासरू लय उड्या मारते."
पलीकडं नुसता वारा.
मग तो म्हणाला, "अजून सांग."

या महिन्यात त्यांच्या नावापुढं मी
काही लिहिलेलं नाही.
यादवच्या दुकानासमोरून जाताना
आवाज येतो, तो चालूच आहे.
त्याचे दोनशे तीस मी घेतले.