हलू नकोस

सीपीआरच्या एक्स-रे खोलीत, रात्रपाळीला,
माझी भाषा दोन वाक्यांची.
हलू नकोस. श्वास धर.
मनगटाच्या फोटोला श्वास कशाला धरायचा,
पण सवयीनं तोंडात येतं.

मंगळवारी पहाटे पावणेसहाला
प्रज्योत मगदूम. वय सोळा. कसबा बावडा.
चारला उठून दुधाचे रतीब,
ते टाकून झाले की राजारामपुरीत फिजिक्सचा क्लास.
"डोळा लागला न्हाई ओ मॅडम, नुसता मिटला.
उघडला तर डिव्हायडर."
शर्टावर दूध आणि रक्त मिसळून
लग्नातल्या सरबतासारखा फिका गुलाबी रंग.
त्याचं मनगट सरळ करून ठेवलं,
म्हटलं, हलू नकोस.

तो हलला नाही.
त्या गार, कडक टेबलावर
मोडक्या मनगटासकट
पोरगं गाढ झोपलं होतं.

झोपलेल्याचं हाड फार स्वच्छ येतं.
स्क्रीनवर चीर दिसली, केसाएवढी,
आणि तिच्या खाली
वाढीची काळी रेघ,
अजून न मिटलेली.
सोळाव्या वर्षी ती असतेच.
आम्हाला शिकवलं होतं,
हाड वाढतं ते बहुतेक झोपेत.
परीक्षेत त्याला दोन मार्क होते.

बाहेर त्याचा बाप मामाला फोनवर सांगत होता,
"व्हय, वीस लिटर सांडलं."
मग थोडं थांबून,
"हाय, पोरगं बरं हाय."
मी मुद्दाम पाच मिनिटं
त्याला उठवलं नाही.

रजिस्टरात रकाने आहेत:
नाव, वय, गाव, कुठला अवयव, कशानं लागलं.
गेल्या दिवाळीपासून मी समासात
पेन्सिलीनं एक आकडा लिहिते.
कुणी विचारलं तर खोडता येईल असा.
प्रज्योत, साडेतीन.
मिसबाह मुल्लाणी, सदर बाजार, चार;
आईच्या ब्लाउजांच्या ऑर्डरी उरकता उरकता
रात्री दीडला मशीनची सुई नखातून आरपार.
ती रडली नाही. विचारत होती,
बुधवारचा पेपर डाव्या हातानं देता येतो का.
संध्यामठ गल्लीतला एक गोलकीपर, दोन;
परदेशातली मॅच तीनपर्यंत बघितली
आणि पाणी प्यायला उठला तो
जिन्याच्या नसलेल्या पायरीवर.
"पायरी हुती की," तो शपथेवर सांगत होता.

मोठ्या डॉक्टरांनी एकदा समास बघितला.
"हे वजन आहे का?"
"नाही सर, तास."
त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.
त्यांच्याही घरात बारावी आहे.

माझ्या घरात अकरावी.
इंद्रनील, सतरा, फुलेवाडी.
त्याच्या दाराखालून रात्री निळसर उजेड येतो,
अभ्यासाचा की कशाचा, मी विचारत नाही;
विचारलं तर म्हणतो, तू तरी कुठं झोपतेस.
याचं उत्तर
मला कुठल्याच फोटोत सापडलेलं नाही.
त्याचा आकडा मी लिहीत नाही.
लिहिला, की नाव लिहावं लागेल
आणि अवयव.

काल ड्यूटीला निघताना
त्याच्या स्कूटीची चावी पर्समध्ये टाकली.
जेवणाच्या डब्याखाली, रुमालात गुंडाळून,
चोरानं लपवावी तशी.
ताटाखाली बसचे पैसे ठेवले.

आज सव्वासातला फोन.
खोलीत पेशंट होता, तरी उचलला.
"आई, कागल!"
"काय झालं कागलला?"
"मी कागलला हाय! बसमध्ये झोप लागली.
कंडक्टरनं हलवलं तवा कळलं.
क्लास गेला, टेस्ट गेली,
दीड तास वाया गेला माझा, तुझ्यामुळं!"

मागं स्टँडचा गलका, चहावाल्याची हाक.
तो ओरडत होता, भरल्या छातीनं, धडधाकट.
मी ऐकत राहिले.
टेबलावरची आजी म्हणाली,
"बाई, मी हलू का आता?"

हला म्हटलं.
आणि फोनवर,
"काहीतरी खा. बसनंच ये.
खिडकीची जागा बघ,
डोकं टेकायला."

समासात, पेन्सिलीनं,
नाव न घालता,
मी एक लिहिलं.
खोडलं.
मग लिहिलं, पाऊण.
पाऊण तास तरी झालाच असेल
फुलेवाडी ते कागल.