साडेआठनंतरचं रक्त

ओपेलूससच्या शेल्टरमध्ये दिवसा फारसं सापडत नाही.
थोरले किडे हृदयातच मुक्कामाला,
पण त्यांची पिल्लं दिवसभर फुप्फुसांच्या आडोशाला
आणि दिवेलागण झाली की कातडीखालच्या बारीक वाटांवर.
डास यायची वेळ त्यांना कोण सांगतं?
डोळे नाहीत, घड्याळ नाही.

म्हणून मी साडेआठला येते.
कपाळावर दिवा, खिशात बिस्किटं.
पिंजरा सतरा: पेकान, वय अंदाजे सहा, खोकला.
मिसेस गिलरी तिचं डोकं मांडीवर धरून
फ्रेंच मिसळलेलं काहीतरी पुटपुटतात.
मला कळत नाही, पेकानला कळतं.
पुढच्या पायाची शीर. जांभळ्या टोपणाची नळी.

बाबांना थेंबभर पुरायचं.
आरमोरीच्या बाजूला, हत्तीरोगाच्या खात्यात,
रात्री दारोदार, बोटाला सुई, काचेवर दाट ठिपका.
माणसातला किडाही असाच निशाचर.
पोरं ओरडायची, रगतवाला आला, पळा!
बायका म्हणायच्या, झोपल्या माणसाले काहून उठवता बाप्पा?
आणि कुत्री.
कुत्र्यांनी त्यांना कधी माफ केलं नाही.
उजव्या पोटरीवर चार दातांची खूण,
बेंबीभोवती चौदा सुया,
पंधराव्या रात्री पुन्हा कंदील.

भिंगाखाली तांबड्या पेशींच्या गर्दीत
एक जण वळवळतोय, जागच्या जागी,
झोप न येणाऱ्या पोरासारखा.
मोजते. एकवीस.
वहीत लिहिते: गट ब, आठवडा चौथा, मागच्या खेपेला चाळीस.
हिच्या गोळीत औषध आहे की नुसता खडू,
मला माहीत नाही.
माहीत असू नये असाच नियम आहे.

"ही पळणार कधी?" मिसेस गिलरी विचारतात.
अजून नाही. थोरले मरताना तुकडे होतात,
छाती धपापली की तेच अडकतात.
हे मी सांगते. पेकान शेपटी आपटते,
ज्या कुणी पळ म्हटलं त्याच्याकडे बघत.

पायावरचा कापूस काढताना
माझ्या मनगटावर एक डास बसतो.
दोन्ही हात गुंतलेले.
मिसेस गिलरी फटकन मारतात,
तळवा उघडून दाखवतात: लाल ठिपका.
आम्हा तिघींपैकी कुणाचा, सांगता येत नाही.

त्या पुसायला चिंधी शोधतात.
थांबा, म्हणते मी,
आणि खिशातली काचपट्टी काढते.