आपल्या टोकापासून

होडी पुन्हा गोल फिरली.
डावं वल्हं शाल्मलीचं, उजवं माझं.
ती कुडाळात, मी सोहारच्या कॅम्पात, खोली बावीस,
आणि बाकीच्या सात होड्या
कधीच वळणापलीकडे गेलेल्या.

"पप्पा, तुम्ही मारतच नाही!"
मारतो गं. मारलं.
माझ्या पडद्यावर पाणी फाटलं, फेससुद्धा आला,
तुझ्यापर्यंत पोचलं नसेल अजून.
कोपऱ्यात लाल आकडा : तीनशे बारा.
सेकंदाचा तिसरा हिस्सा म्हणजे केवढा,
पापणी लवते तेवढा.
तेवढ्यात होडी आडवी होते.

प्लान्टात माझं कामच हे.
टाकीवरचा मीटर गप्प झाला
की कंट्रोल रूमवाले आधी वायरला शिव्या घालतात.
रामोन फोरमन म्हणायचा, सिग्नल हरवला
तर आपल्या टोकापासून शोधत जा.
स्क्रू घट्ट आहे का. वीज येते का.
मग पुढच्या माणसाचा दोष.

म्हणून आधी माझा मोबाइल बंद करून चालू.
मग सर्व्हरची यादी.
मुंबई : तिला हिरवं, मला लाल.
बहारीन : मला हिरवं, तिला लाल.
सिंगापूर : दोघांनाही लाल,
निदान भांडण नाही.
परत मुंबई.

"तिकडचा राउटर बघ."
"बघितला. चारही दिवे आहेत.
आई विचारते, जेवलात का."
हे पॅकेट मात्र वेळेत पोचलं.

पलंग खिडकीकडे ओढला, मग दाराकडे.
मग चपला घालून कॉरिडॉरात.
राउटर छताजवळ, लोखंडी पिंजऱ्यात,
किल्ली कॅम्प बॉसकडे,
कॅम्प बॉस शुक्रवारचा बुरैमीला.
पिंजऱ्याखाली एसीच्या पाण्याची बादली,
भरत आलेली. ती ओतून आलो.
बाहेर रात्रीचे आठ आणि अजून छत्तीस अंश,
चष्म्यावर वाफ धरते.

पंचवीस खोल्या, एक लाइन.
दारादाराशी कान देत गेलो.
अठरात शाजी सिनेमा उतरवत होता.
म्हटलं, तासभर थांबवशील?
थांबवला. म्हणाला, तसाही हीरो मरतोच.
तीनशे बाराचे दोनशे ऐंशी.

वीसमध्ये बदरुल.
भिंतीला फोन टेकवून मांडी घालून बसलेला,
पडद्यावर सिल्हेटमधली एक चादर
आणि पालथं पडायला शिकणारं बाळ.
चित्र अडकत होतं.
बाळ कुशीवर. बाळ कुशीवर. बाळ कुशीवर.
मग एकदम पोटावर.
मधलं काही दिसलंच नाही त्याला.
तरी टाळ्या वाजवल्या.

म्हणजे त्याच्या लाइनीत मी होतो.

दारातूनच मागे फिरलो.
"सापडलं?"
"सापडलं."
"मग काढा ना."
"नाही निघायचं आज. असंच खेळूया, वायच दम धर."
ती गप्प.
गप्प की अडकली, ते कळत नाही अशा वेळी.
मग म्हणाली, "तुम्ही आधी मारा,
मी मनात एक म्हणते आणि मग मारते."

होडी सरळ झाली.
सरळ म्हणजे बाजारातनं घरी निघालेल्या दारुड्यासारखी,
पण पुढे.
खडक चुकवला, पुलाखालून गेलो,
आठांत आठवे आलो.
पुढच्या फेरीतही आठवे.
तिसरीत सातवे, कारण एक होडी मध्येच सोडून गेली.
शाल्मली एवढी ओरडली
की मागून तिच्या आईचा आवाज आला.

नवाच्या सुमाराला वीसमधला दिवा गेला.
आकडा उतरू लागला.
दोनशे. एकशे चाळीस.
नव्वद, हिरवागार.

मी वल्हं मारलं.
तिने एक म्हटलं.
होडी गोल फिरली.

"आता काय झालं?"
"काही नाही, लाइन सुधारली.
तू अजून थांबतेयस."