ळऐवजी दोन ल

अप्पा बळवंत चौकात, वह्यांच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्यावर माझा इंग्रजी संभाषणाचा क्लास.
शेवटच्या बाकावर गायखेकाका,
पीएमटीचे निवृत्त कंडक्टर, वय एकाहत्तर,
पेन अजून कानावर.

त्या दिवशी वर्ग सुटला तरी ते उठले नाहीत.
"मॅडम, नात लीड्सहून फोनवर म्हणाली,
आजोबा, यू हॅव गॉन डूलाली.
आणि हसली. मीही हसलो, पण
कशाला हसलो ते कळलं नाही.
स्पेलिंग सांगा."

फळ्यावर लिहिलं. डी, दोनदा ओ, एल, ए,
पुन्हा एल, अजून एक एल, शेवटी वाय.
"म्हणजे डोकं फिरलेला," मी म्हटलं. "पण प्रेमाने."
प्रेमाने हे मी पदरचं घातलं.

मग उगम सांगितला, माझा फार लाडका:
गोरे शिपाई नोकरी संपवून नाशकाजवळच्या छावणीत
बोटीची वाट बघत पडायचे.
ऊन, दारू, डास, आणि काम काहीच नाही.
महिनोन्महिने.
काही जण सटकायचे. त्या सटकण्यालाच
त्यांनी गावाचं नाव दिलं.
पूर्वी पुढे टॅप लागायचा, डूलाली टॅप.
टॅप म्हणजे आपला ताप.
डोक्याला ताप म्हणतो ना, तोच.

मी रंगात आले होते. म्हटलं, हिशेब चोख आहे काका.
त्यांनी आपली खुशी नेली, तिची कुशी केली,
आणि आरामाच्या नोकरीला कुशीत घेतलं.
आपण त्यांची शिवी उचलली, डॅम बीस्ट,
तिचा डांबीस केला, असं म्हणतात,
आणि कौतुकाने पोराबाळांत वाटून टाकला.
गॅसलाइटचं घासलेट तर
कॅन घेऊन, रांगेत उभं राहून आणलं.

काका फळ्याकडे बघत होते.
"ही तर आमची देवळाली," म्हणाले.
"माझा जन्म तिथला. वडील छावणीच्या बेकरीत.
ळ कुठाय?"

ळ नसतो त्यांच्याकडे.
त्याच्या जागी दोन ल टाकलेत.

"सुट्टे नसले की
आम्हीपण असंच भागवायचो."

जिना उतरताना मधेच थांबले. गुडघा, म्हणाले.
गुडघ्यासाठी नव्हते थांबले.
"येरवड्याच्या रूटवर मी सतरा वर्षं होतो.
कुणी 'एक येरवडा' म्हटलं की मागून आवाज ठरलेला,
जायचं का जायचं-यायचं?
अख्खी बस हसायची.
मीही हसायचो, तिकीट फाडता फाडता.

एक बाई दर मंगळवारी चढायच्या मनपाला.
मांडीवर स्टीलचा डबा, झाकणावरून रुमाल बांधलेला.
त्या स्टॉपचं नाव घ्यायच्या नाहीत.
नेमके पैसे तळहातावर, हात पुढे.
मला कळायला वर्ष लागलं.
मग मीपण त्या स्टॉपला ओरडायचं सोडलं.
नुसती एक घंटी."

खाली रिक्षा, गाइडं, चहाचे ग्लास,
नवनीतच्या गठ्ठ्यावर झोपलेलं मांजर.
मला बोलायला काही सुचलं नाही,
म्हणून म्हटलं, गुरुवारी लवकर या, भूतकाळ घ्यायचाय.

गुरुवारी आले ते खुशीत. आपल्या खुशीत.
रविवारी नातीला ळ शिकवायला घेतला होता.
जीभ उलटी कर, टाळूला टेकव, आता सोड.
ती म्हणाली देवडाली. मग देवराली.
मग म्हणाली, आजोबा, माझी जीभ डूलाली झाली,
आणि दोघं एवढे हसले की फोन पडला.

ळ अजून आलेला नाही.
डच्या पुढे, रच्या अलीकडे
कुठेतरी सिग्नलला उभा आहे.
"येईल," काका म्हणतात, वही उघडत.
"रूट लांबचा आहे."