पायंडा

यंदापासून आपल्या घरचा असा एक नाताळ असावा,
मी इल्पोला म्हटलं, ऑक्टोबरातच.
तो बुटांना तेल चोळत होता. म्हणाला, "असावा."
म्हणजे सगळं माझ्यावरच आलं.

त्याच्या घरी नाताळ म्हणजे
वडील पिऊन झोपण्याआधीचे दोन तास.
माझ्या घरी आईची रात्रपाळी,
ओव्हनमध्ये झाकून ठेवलेलं ताट, आणि रेडिओ.
एवढाच वारसा दोघांचा मिळून.
पोरांना काय देणार त्यातलं?

म्हणून मी वही घेतली, रेघा मारल्या,
शेजारणींना विचारविचारून पान भरवलं.
आलुबुखाराच्या मुरंब्याच्या चांदण्या करायला घेतल्या;
ओव्हनमधून निघाले पाय पसरलेले बेडूक.
दुधात भात शिजवला, त्यात एक बदाम लपवला:
ज्याला सापडेल त्याची इच्छा पुरी होते म्हणतात.
सापडला वेइक्कोला. तीन वर्षांचा तो,
त्यानं खडा समजून थुंकून टाकला,
आणि सेल्मा हमसून हमसून रडली
की टेबलाखाली कुत्र्यानं
सगळ्यांची इच्छा खाल्ली.

चोवीस तारीख. दुपारी अडीचलाच अंधारलं.
उणे एकोणीस.
"चला," इल्पो म्हणाला, "सगळे जातात तिकडे जाऊ."
कयानीत या दिवशी सगळे दफनभूमीत जातात,
बर्फात खळगा करून मेणबत्ती लावतात
आपापल्या माणसाजवळ.
आमचं इथं कुणी नव्हतं.
आई दूर उत्तरेला, नदीकाठच्या चर्चमागे;
इल्पोचे वडील अजून जिवंत, आणि अबोला.
दुसरीकडे पुरलेल्यांसाठी फाटकाजवळ एक दगड असतो,
तिथं लावायची आणि परतायचं, असं ठरलं होतं.
मेणबत्ती एकच आणलेली.

पण सेल्मा थांबली नाही.
शेकडो ज्योतींच्या रांगेत तिला एक काळी फट दिसली,
तिच्या परवाच पडलेल्या दाताएवढी ठळक.
"ह्याच्याकडे नाहीये."
हातमोज्यानं तिनं दगड पुसला, मी वाचलं:
आर्वो केट्टुनेन. खाली एकच शब्द, घड्याळजी.
"कोण आहे हा?"
"माहीत नाही गं."
तिनं जरा विचार केला.
"मग आपला."

इल्पोनं काडी ओढली. दोन विझल्या, तिसरी धरली.
माझ्या आईच्या वाटची ज्योत
अशी एका परक्या घड्याळजीला गेली.
मला वाईट वाटायला हवं होतं.
पण आईचे सगळेच नाताळ तसे गेलेले,
परक्यांच्या उशाशी,
मनगट हातात धरून
घड्याळाकडे बघत.

वर्ष गेलं. वही कुठल्या खणात गेली कोण जाणे.
डिसेंबरात सेल्मानंच विचारलं,
"मेणबत्त्या किती आणल्यास?
आर्वोआजोबांना एक, दूरच्या आजीला एक."
आणि जेवताना वेइक्कोनं
(बदाम या खेपेला सेल्माला सापडला होता)
तो तिच्याकडून मागून घेतला,
गालात धरला, नीट नेम धरला
आणि टेबलाखाली थुंकला.
"अरे!" मी ओरडले.
"आपण दरवर्षी कुत्र्याला देतो," तो म्हणाला,
ज्याच्या आयुष्यात वर्षं अवघी चार.
सेल्मानं मान डोलावली,
जणू हे पणजोबांपासून चालत आलंय.
मी इल्पोकडे पाहिलं. तो हसू दाबत
बेडकांतला शेवटचा बेडूक खात होता.
चांदण्या यंदा जमल्या असत्या कदाचित;
मुलांनी करू दिल्या नाहीत.

रात्रभर बर्फ पडलेला. फाटकातून पुढं वाटच नव्हती.
सेल्मा पुढे, गुडघाभर रुतत,
तिच्या पावलांत पाय ठेवत वेइक्को,
त्याच्या मागं मी,
आणि सर्वांत शेवटी इल्पो, काडेपेटी छातीशी धरून.
परतताना मागे वळून पाहिलं:
आमच्यामागून एक म्हातारी येत होती, काठी टेकत,
कुठल्याशा आपल्या माणसाकडे,
आम्ही तुडवलेल्या वाटेवरून.